तंबाखू बघून घ्यावी

आमची पिढी तंबाखू खायला शिकायच्या आधी ती निवडायला शिकली. पुष्कळजण निवडण्यापाशीच थांबले, ती आमच्या आज्यांची पुण्याई. पण निवडता सगळ्यांना यायची. कयाधूच्या काठच्या गावातलं दहा-बारा वर्षांचं पोरगंही पान बोटांत धरून सांगायचं, की हा माल ओला आहे, ह्यात काडी फार आहे, हा मागच्या सालचा आहे. ज्वारीचा दाणा दाताखाली फोडून बघणं, हळकुंड मोडून आतला रंग बघणं आणि तंबाखू तळहातावर चोळून नाकाशी नेणं, ही तिन्ही कामं लेकरांना एकाच वयात शिकवली जात. त्यात कुणाला वावगं वाटत नसे.

तेव्हा आमचा हिंगोली जिल्हा व्हायचा होता. तो झाला १ मे १९९९ ला. तोवर आम्ही परभणी जिल्ह्यातले, आणि त्याआधी आमचे आबा निजामाच्या राज्यातले. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात हाली आणि कलदार असे दोन रुपये अजून वेगळे होते. बाजाराच्या दिवशी घरातलं एक लेकरू आबांबरोबर जायचंच. बाजार हिंगोलीचा असो, कळमनुरीचा, औंढ्याचा, सेनगावचा नाहीतर जवळा बाजारचा, यादी तीच. मीठ, मिरची, गोडं तेल, खोबऱ्याची वाटी, बैलाला कासरा, कंदिलाला काच, आणि सगळ्यात शेवटी तंबाखू. शेवटी अशासाठी, की तिचा वास सगळ्याला लागतो. एकदा का पिशवीत गूळ आणि तंबाखू शेजारी बसले, की पुढचा बाजार येईपर्यंत घरच्या चहाला तंबाखूचा वास. पाहुणे कपाला तोंड लावून एकमेकांकडं बघायचे आणि काही न बोलता चहा पिऊन टाकायचे.

तंबाखूवाले आणि मिरचीवाले बहुतेक बाजारांत जवळजवळच बसत. त्या कोपऱ्यात गेलं की शिंका सुरू व्हायच्या, आणि त्या नेमक्या कोणत्या ढिगामुळं येताहेत ते कळायचं नाही. तंबाखूवाल्याच्या पुढ्यात तरट अंथरलेलं. त्यावर डावीकडून अख्ख्या पानांच्या जुड्या, मग फोडलेलं पान, मग जाडा चुरा, मग बारीक चुरा, आणि अगदी टोकाला गर्दा, ज्यात पानापेक्षा धूळ जास्त. प्रत्येक ढिगाला गाव होतं. हा निपाणीचा, हा पंढरपुरी, हा गुजरातचा. खरं काय ते त्या पोत्यांनाच ठाऊक. आमची मोठी माय, म्हणजे आजी, म्हणायची, “नाव पोत्यावर असतंय बाबा, पानावर नसतंय. तंबाखू बघून घ्यावी.”

तंबाखू बघून घ्यावी, म्हणजे काय काय करावं?

आधी डोळ्यानं बघावी. चुन्याबरोबर खायची असेल तर काळसर तपकिरी, अंगानं जाड, वर किंचित तेलकट चकाकी असलेली. बिडीला हवी असेल तर पिवळसर, दाणेदार, सुटी. हिरवट झाक राहिली असेल तर ती नीट वाळली नाही, कच्ची आहे, घशाला लागेल. पांढुरके डाग दिसले तर बुरशी, मग भाव कितीही पाडला तरी हात लावू नये.

मग बोटानं बघावी. पान दुमडावं. कडकन मोडलं तर जास्त वाळलं, घरी नेईपर्यंत त्याचा भुगा होणार. दुमडून तसंच चिकटून राहिलं तर पाणी मारलंय. चांगलं पान दुमडतं आणि सावकाश पुन्हा उलगडतं. चुरा असेल तर मूठ आवळावी. मूठ सोडल्यावर चुरा मोकळा झाला पाहिजे. गोळा राहिला तर समजावं की वजन वाढवायला गुळाचं पाणी शिंपडलंय. बोटं एकमेकांवर घासून बघावीत. कचकच लागली तर वाळू. काड्या आणि डेखं वेगळी करून बघावीत, कारण पैसे पानाचे द्यायचे आणि घरी सरपण न्यायचं, हे कुणाला परवडणार?

मग नाकानं. चिमूटभर घेऊन अंगठ्यानं तळहातावर चोळायची, हाताची ओंजळ करून नाकाशी न्यायची आणि एक लांब श्वास. खरी तंबाखू आधी गोडसर येते आणि मागून झणका देते. नुसता झणका आला तर माल नवा आहे, मुरलेला नाही. नुसता गोड वास आला तर तंबाखूवाल्यानं त्यात काहीतरी मिसळलंय. कोंदट, ओल्या तरटाचा वास आला तर पावसात भिजलेलं पोतं.

शेवटी जीभ आणि विस्तव. खाणारा एक काडी दाढेखाली धरून थुंकून टाकायचा. ओढणारा तिथंच पानात चिमूट भरून बिडी वळायचा आणि शिलगवायचा. राख पांढरी पडली आणि बिडी न विझता जळत राहिली तर माल चांगला. राख काळी आणि धग मधेच बसायला लागली तर ढीग बदलायचा. तडतड आवाज आला तर आत काडी आहे. तंबाखूवाल्याच्या समोरच त्याच्या मालाची अशी परीक्षा चालायची आणि त्याला त्याचा राग नसायचा. उलट न बघता पुडी बांधायला सांगणारं गिऱ्हाईक आलं, की हे नवखं आहे असं तो ओळखायचा.

आमच्या बाजारातला तंबाखूवाला म्हणजे मामू. सगळ्या गावाचे मामू. आबा आणि मामू यांचं बोलणं आम्हाला तोंडपाठ होतं, कारण ते दर बाजाराला तेच असायचं.

“देखो पाटील, असली निपाणी है.”

“मामू, पाणी किती मारलंय ह्याला?”

“अल्ला कसम, एक बूंद नहीं.”

“मग मुठीत गोळा कामून व्हायलाय?”

मामू हसायचे, आणि मागच्या पोत्याचं तोंड सोडायचे. चांगला माल कायम मागच्या पोत्यात. मग तोलून व्हायचं. किलोची मापं येऊन कितीतरी वर्षं झाली तरी आबा पावशेरच मागायचे, मामू अडीचशे ग्रॅमचं माप टाकायचे, आणि वरून एक चिमूट सोडायचे ती वेगळी. ती चिमूट सोडली नाही तर सौदा पुरा झाला असं दोघांनाही वाटत नसे.

पुडी रद्दीत बांधून यायची. रद्दी कधी हैदराबादच्या उर्दू अखबाराची, कधी अनंत भालेरावांच्या ‘मराठवाडा’ची. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून, म्हणून आबांना ती पहिली रद्दी वाचता यायची. घरी आल्यावर तंबाखू डब्यात रिकामी करून ते पुडीचा कागद गुडघ्यावर सरळ करायचे आणि उजवीकडून डावीकडं वाचत बसायचे. बापूंना, म्हणजे आमच्या वडलांना, उर्दू येत नव्हतं. आम्हाला तर नाहीच. मराठी रद्दी आली की आमची पाळी. कित्येक महिन्यांपूर्वीच्या बातम्या आम्ही तंबाखूच्या वासासकट मोठ्यानं वाचल्या आहेत.

बाजारातली परीक्षा पास झाली तरी घरची बाकी असायची, आणि ती जास्त अवघड होती. ढेलजेत टेकलेली मोठी माय हात पुढं करायची. चिमूट घ्यायची, चोळायची, डोळे मिटून वास घ्यायची. आम्ही सगळी तिच्या तोंडाकडं बघत उभी. “बरी हाय,” म्हणाली की आबा पाय धुवायला जायचे. काही न बोलता चिमूट पुडीत परत टाकली, की आबांना कळायचं, आठ दिवस आता ऐकावं लागणार. माझं तर ठाम मत आहे की त्या पिढीत तंबाखूची खरी पारख बायकांना होती. पुरुष बाजारात घासाघीस करायचे, गप्पा मारायचे, चार ठिकाणची चिमूट फुकट चाखून यायचे. पण वर्षभराची तंबाखू कोणत्या पोत्यातली घ्यायची ते घरात ठरायचं. आणि ते नाक स्वयंपाकाच्या धुरात, शेणाच्या सारवणात, हळदीच्या ढिगात सगळा जन्म राहूनही शाबूत होतं.

एकाच पुडीचे मग किती वाटे! अख्खं चांगलं पान आबांच्या चंचीला. जाडा चुरा बिडीला. काळी, जाड, गुळात कुटलेली चिलमीला. काड्या, डेखं आणि खाली राहिलेला गर्दा मोठ्या मायच्या मिसरीला. मास्तर आले तर त्यांची तपकीर त्यांच्याजवळ असायची, शिवाय तिचा डाग धोतरावर असायचा. एक-दोन पानं लुगड्यांच्या आणि शालीच्या घडीत जायची, कसर लागू नये म्हणून. उरलेला कचरा पाण्यात उकळून ते पाणी वांग्यावरच्या माव्यावर मारायचं, बैलाच्या गोचिडांना लावायचं. दाढ दुखली तर तंबाखू. म्हशीच्या जखमेत किडे पडले तर तंबाखू. शेताच्या मेरेवर साप दिसला तरी कुणीतरी तंबाखूच काढायचं. सापानं त्याचं काय केलं कोण जाणे.

ठेवायच्याही रीती होत्या. उन्हाळ्यात पान कोरडं पडू नये म्हणून तंबाखूचं मडकं माठाच्या तिवईखाली, तोंडाला ओलं फडकं. पावसाळ्यात उलट, मडकं चुलीच्या बाजूला सरकायचं. उघडीप मिळाली की पानं माळवदावर उन्हात. आमचा भाग हळदीचा. वसमतच्या हळदीला तर २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या माळवदावर एकीकडं उकडलेली हळद आणि दुसरीकडं तंबाखू, आणि मधे राखणीला आम्ही. वारा फिरला तर तंबाखू उचलायची, हळद नाही. हळद विकायची होती.

चंचीबद्दल किती लिहावं! खणाची नाहीतर जुन्या लुगड्याच्या काठाची, आत चार-पाच कप्पे, वर गुंडाळायला लांब दोरी. एका कप्प्यात पान, एकात सुपारी, एकात कात, एकात तंबाखू, दोरीला अडकवलेली पितळी चुन्याची डबी, आणि अडकित्ता. ती उसवली की मोठी माय दाभणानं टाचायची, फाटली की ठिगळ, ठिगळ फाटलं की ठिगळावर ठिगळ. शेवटी मूळचं कापड कोणतं ते सांगता येत नसे. नवी चंची लग्नात व्याह्याला द्यायची वस्तू. जुनी चंची मात्र कुणाला द्यायची नाही आणि टाकायची तर नाहीच. चुनाही घरचाच. कळीचा चुना मडक्यात विरवायचा, खदखदून निवला की वर पाणी ठेवायचं. नवा चुना लेकरांच्या हाताशी ठेवायचा नाही, हे दर खेपेला बजावलं जायचं. त्यानं तोंड भाजतं आणि डोळ्यात गेला तर डोळाच जातो.

आणि बिडी. दुकानातली कट्ट्याची बिडी खिशात पैसा असेल तेव्हाची. एरवी हातानं वळलेली. टेंभुर्णीचं पान मिळालं तर उत्तम. ते विदर्भाच्या जंगलाकडून यायचं. नाहीतर बांधावरचा पळस होताच. आणि आपटा. ज्या आपट्याची पानं दसऱ्याला सोनं म्हणून आम्ही मोठ्यांच्या हातावर ठेवून पाया पडायचो, त्याच आपट्याच्या पानात वर्षभर बिड्या वळल्या जायच्या. हिंगोलीचा दसरा मोठा. त्या दिवसापुरतं मात्र कुणी आपट्याच्या पानाची बिडी वळायचं नाही. पानं आदल्या रात्री ओल्या फडक्यात. सकाळी कात्रीनं बेतून, शिर काढून, चुरा भरून, तिरपं वळत न्यायचं. तोंड बोटानं आत दुमडायचं, बुडाला दोरा. अंगठा आणि दोन बोटं, एवढंच यंत्र. आबांची बिडी बारीक आणि घट्ट, बापूंची जाड आणि ढिली. पायवाटेवर पडलेलं थोटूक बघून मोठी माय सांगायची की इथून कोण गेलं.

बिडीवर वेळही मोजला जायचा. औत सोडायचं कधी, तर अजून दोन तास मारून. तास बदलताना थांबायचं किती, तर एक बिडी होईस्तोवर. काडीपेटी सांभाळून वापरायची वस्तू होती. एका काडीवर चार जणांच्या बिड्या पेटायच्या, आणि वारा असला तर चौघं डोक्याला डोकं लावून वाकायचे. त्याच्याही आधीच्या म्हाताऱ्यांकडं चकमक, गारगोटी आणि सावरीचा कापूस. बापू आबांसमोर कधीच ओढत नसत. आबा अचानक समोर आले, की पेटलेली बिडी ओंजळीत उलटी व्हायची, आणि मग बापू फार वेळ काही बोलायचे नाहीत. तळहात भाजत असायचा. आबांना सगळं माहीत असायचं. ते मुद्दाम पावसापाण्याचं बोलणं काढून उभे राहायचे.

तालुक्याच्या कचेरीतले लोक मात्र सिगारेट ओढायचे. हैदराबादच्या वजीर सुलतान कंपनीची चारमिनार. पिवळ्या पाकिटावर चार मिनार. ते रिकामं पाकीट मिळवण्यासाठी आमच्यात मारामाऱ्या झाल्या आहेत.

तंबाखू ही दख्खनची जुनी ओळखीची. अकबराच्या दरबारात ती पहिल्यांदा पोहोचली ती विजापुराहूनच. त्याचा वकील असद बेग आदिलशाहीत आला होता, तो परत जाताना चिलमीसकट घेऊन गेला. सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची ही गोष्ट. आमच्या हिंगोलीच्या वाट्याला तंबाखूची एक काळी गोष्टही आली आहे. निजामाच्या फौजेची इथं छावणी होती. ठगांचा बंदोबस्त झाला तेव्हा उघड झालं, की या भागातल्या ठगांचा म्होरक्या छावणीच्या बाजारात अब्रूदार व्यापारी म्हणून राहत होता आणि गोरे अधिकारीही त्याच्याशी देवघेव करत होते. मेडोज टेलर या गोऱ्या अधिकाऱ्यानं १८३९ च्या आपल्या पुस्तकात ते लिहून ठेवलंय. वाटसरूंच्या गळ्यात रुमाल टाकायचा ठगांचा इशारा होता ‘तंबाकू लाओ’. रस्त्यात अनोळखी माणसाची तंबाखू घ्यायची नाही, असा आमच्या घरी नियम होता. तो कुठून आला ते कुणी सांगितलं नाही, पण हे वाचल्यापासून मला तो नियम फार जुना वाटतो.

एक गोष्ट गोड आठवणींच्या ढिगाखाली झाकून ठेवू नये. शेतात चंची सगळ्यांमध्ये फिरायची असं आम्ही आता कौतुकानं सांगतो. फिरायची, पण सगळ्यांच्या हातून सगळ्यांच्या हाती नाही. मळलेली चिमूट काहीजणांच्या तळहातावर वरून सोडली जायची, बोटाला बोट लागू न देता. चिलीम तर जातीजातीची वेगळी. पाण्याचा तांब्या त्या काहीजणांपर्यंत जायचाच नाही. बाजारात मात्र मामूंच्या ढिगात सगळ्यांचे हात एकत्र असायचे, तेच पान चारजण चोळून परत टाकायचे, आणि घरी येईपर्यंत कुणाला बाट लागलेली नसायची. लेकरांना हे दिसत होतं. विचारलं तर उत्तर मिळत नव्हतं.

१९७२ चा दुष्काळ आठवणाऱ्यांना हेही आठवेल, की खडी फोडायला गेलेल्या बायांच्या कमरेला भाकरीचं फडकं नसलं तरी तंबाखूची पुडी असायची. मिलो ज्वारीच्या भाकरी, लेकरांना सुकडी, आणि मोठ्या माणसांच्या गालात बार. बार भरला की भूक दबते. तेव्हा मामूंच्या ढिगापुढं कुणी निवडत बसत नव्हतं. गर्दाही संपायचा.

आणि ज्या निपाणीच्या नावावर आमचे सौदे व्हायचे, तिथल्या माणसांचा विचार आमच्या घरात पहिल्यांदा झाला १९८१ साली. शरद जोशींच्या मागं तिथले तंबाखू शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठिय्या देऊन बसले. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसं मेली. बातमी रद्दीतून नाही, ताज्या पेपरातून आली. बापूंनी ती मोठ्यानं वाचली. आमचं पान पिकवणाऱ्याला भाव मिळत नाही, आणि ते पान वखारीत कुटणाऱ्या बायांच्या छातीत त्याची धूळ बसते, हे ऐकून मोठी माय बराच वेळ हातातली चिमूट चोळत राहिली. मग म्हणाली, “आपण वास बघतो. त्यांना वासातच राहायचं.”

पुडीबंद जर्दा कधी आला, हे कुणाला नेमकं सांगता यायचं नाही. आधी एसटी स्टँडवर, मग किराणा दुकानात, मग पारावरच्या टपरीवर माळा करून टांगलेला. पिवळ्या पुड्या, सोबत चुना. बघायला काही नाही, चोळायला काही नाही, नाकाशी न्यायची सोय नाही. फाडायची आणि हातावर ओतायची. मामू एका बाजाराला आले नाहीत, पुढच्या बाजारालाही आले नाहीत, आणि मग त्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या बादल्या विकणारा बसायला लागला. आबांनी पुडीतली तंबाखू एकदा चंचीत घालून बघितली. वास घेतला आणि पुडी तशीच ढेलजेच्या कोनाड्यात ठेवून दिली. बापूंनी मात्र पुडीच धरली. आबांचं पावशेर पुढच्या बाजारापर्यंत पुरायचं. कारण ते काढायला चंची सोडावी लागे, डेख वेचावं लागे, चुना लावून मळत बसावं लागे, आणि शेजारी बसलेल्याला आधी द्यावं लागे. बापूंची पुडी संध्याकाळपर्यंत संपायची आणि ती कुणाला विचारून काढायची नसायची. मला या बदलाचं वाईट वाटतं, आणि ते नुसतं जुन्याच्या मायेपोटी नाही. पुडीनं माणसाच्या हातातून पारख काढून घेतली आणि खाणं मात्र वाढवलं. पुढं गुटखा आला तेव्हा निवडायचं काही उरलंच नव्हतं. महाराष्ट्रानं तो २०१२ साली बंद केला. कुठं मिळतो ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आता मोठ्या मायचं शेवटचं सांगायला हवं. तिची मिसरी तव्यावर भाजली जायची तेव्हा सगळा वाडा खोकायचा. काड्या आणि डेखं काळी होईस्तोवर भाजायची, पाट्यावर वाटायची, डबीत भरायची. सकाळी एकदा, दुपारी भाकरीनंतर एकदा, आणि मग हात रिकामा झाला की. सुना तिच्याकडूनच शिकल्या. पोटुशी असतानाही लावत राहिल्या, कारण कुणी नको म्हणालं नव्हतं. म्हातारपणी मोठ्या मायला तिखट सोसेनासं झालं, म्हणजे जिभेला झोंबायचं म्हणून तिनं सोडलं. मग भाकरी दुधात कुस्करून. गालाच्या आत, जिथं मिसरीचं बोट फिरायचं तिथंच, पांढरा चट्टा होता. तो किती वर्षांचा होता ते तिलाही सांगता आलं नाही. नांदेडला नेलं, मग मुंबईला. तोवर त्याची गाठ झाली होती. परत आल्यावर ढेलजेत तिच्याच जागेवर बसून, तोंड नीट उघडत नसताना, ती आम्हाला म्हणाली, “पान बघून घेतलं सगळा जन्म. तोंड कुणी बघितलं नाई.”

तिच्यानंतर आमच्या घरात मिसरी भाजली गेली नाही. सुनांनी एकेक करून सोडली. आबांनी चंची ठेवली, पण तंबाखूच्या कप्प्यात बडीशेप घातली.

घरोघरी असं झालं नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातली २६.६ टक्के प्रौढ माणसं तंबाखू कोणत्या ना कोणत्या रूपात घेत होती, आणि त्यातली बरीचशी ओढणारी नव्हती, खाणारी आणि लावणारी होती. म्हणजे हे वाचणाऱ्या पुष्कळांच्या घरात अजून कुणाच्या तरी गालात बार आहे. त्यांना तंबाखूबद्दल विचारा. कोणत्या बाजारात घ्यायचे, कोणत्या ढिगातली, चंची कुणी शिवली होती, पळसाच्या पानाची बिडी कशी वळायची, सगळं विचारून घ्या. ते आनंदानं सांगतील. आणि सांगून झालं की त्यांना उजेडात बसवून तोंड उघडायला लावा. गालाच्या आत, जिभेखाली, हिरड्यांवर पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड पहिल्याएवढं न उघडणं, यातलं काही दिसलं आणि ते दोन आठवड्यांत गेलं नाही, तर थांबू नका. मोठ्या मायला आधी नांदेड आणि मग मुंबई गाठावी लागली. हिंगोलीत २०२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, निदान दाखवायला तरी आता जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही.